अठरा दात्यांचं हसू

माणसं कमी बोलायची आणि यंत्रं जास्त, त्या काळची गोष्ट. एका कारखान्यात लोखंडाची भुकटी साच्यात घालून प्रेसखाली दाबायचे आणि तिची दातेरी चाकं करायचे. मग ती भट्टीत भाजली की पक्की व्हायची.

एकदा साच्यातून एक चाक बाहेर आलं. आपले अठराच्या अठरा दाते जागेवर आहेत हे बघून ते फुगलंच.

"ये रे बाळा आत," भट्टीमावशी म्हणाली. "अजून कच्चं आहेस तू."

"कच्चं? मी? मावशी, दाते मोजा माझे! अंग भाजून घ्यायला मला काय वेड लागलंय?" असं म्हणून चाक खदाखदा हसलं.

हसता हसता त्याचा एक दाता खाली पडला.

"अगं बाई, कुणाचा तरी दाता पडला!" म्हणत ते आणखी जोरात हसलं, आणि होतं तिथेच त्याची भुकटी झाली. ढिगातून बारीक आवाज आला, "मावशी, मी कुठंय?"

केरसुणीने ढीग गोळा केला. भुकटी पुन्हा साच्यात गेली, पुन्हा चाक झालं. या खेपेला मात्र ते तोंड घट्ट मिटून थेट भट्टीत शिरलं. चांगलं पोळलं, पण त्याने हूं की चूं केलं नाही.

बाहेर येऊन बघतं तर प्रेसपाशी एक नवं चाक मिरवत होतं, "भट्टी? मला कशाला?"

पक्कं चाक पोट धरधरून हसलं. एकही दाता हलला नाही. त्याचं बघून नव्या चाकालाही हसू फुटायला लागलं.

पक्कं चाक घाबरून ओरडलं, "अरे, तू नको हसूस!"