एकतिसावी काठी

ढगांच्याही वरच्या अंगाला एक गाव होतं, आणि त्या गावात नोरबू नावाचा एक टपालवाला होता. वर्षातले पाच महिने ते गाव बर्फात बुडालेलं असायचं. रस्ता नाही, गाडी नाही. नोरबू पायांना देवदाराच्या फळ्या बांधायचा, टपालाची थैली पाठीवर टाकायचा आणि उतारावरून घसरत खालचं ठाणं गाठायचा.

उताराच्या एका अंगाला दरी होती. म्हणून वाटेवर एकेचाळीस खुंट रोवले होते. गावचा नियम असा, की उतरणाऱ्याने प्रत्येक खुंटाजवळून जायचं आणि त्याच्यावरचा बर्फ हाताने झटकायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला खुंट दिसेल. एखादा चुकलाच, तर परत वर चढायचं, तो झटकायचा आणि मगच पुढे जायचं.

हा नियम कुणी हौसेने केला नव्हता. एकदा एक माणूस सव्विसावा खुंट चुकला आणि "एका खुंटाने काय होतंय" म्हणत तसाच खाली गेला. रात्रभर बर्फ पडला, खुंट बुडाला, आणि सकाळी नोरबूचा धाकटा भाऊ सरळ दरीत गेला. तेव्हापासून उतार उतरून आलेल्या माणसाला गावात कुणी "किती वेळ लागला?" असं विचारत नसे. "खुंट किती?" असं विचारत. "एकेचाळीस" हे उत्तर आलं की मग चहा पुढे यायचा.

नोरबूच्या मुलीचं नाव अंगमो. वय पंधरा. बापाच्या मागे फळ्यांवर उतरत ती मोठी झाली होती आणि आता बापाच्या पुढे उतरत होती. गावात तिच्यासारख्या आणखी अकरा पोरी होत्या आणि फळ्यांच्या जोड्या मात्र चार. त्यामुळे एक उतरायची आणि दोन वाट बघत बसायच्या.

एका हिवाळ्यात खालच्या खोऱ्यात देशोदेशींच्या मुलींची बर्फावरची जोडशर्यत भरली. जोडशर्यत म्हणजे दोन धावा. सकाळी तुरळक काठ्यांमधून सुसाट उतरायचं, दुपारी दाट रोवलेल्या काठ्यांना वळसे घालत उतरायचं, आणि दोन्ही वेळांची बेरीज करायची. एक धाव बाद झाली की दुसरीही गेली. अंगमोचा वेग कुणीतरी पाहिला होता, म्हणून देशाच्या पथकात तिची निवड झाली.

पथकाचे प्रमुख होते रायजादासाहेब. त्यांच्या कोटावर इतके बिल्ले होते की कोट शोधावा लागे. ते अंगमोला म्हणाले, "पहिल्या दहात आलीस, तर तुझ्या गावातल्या सगळ्या पोरींना खऱ्या स्की देईन. दरवर्षी पथकात तुमची एक जागाही पक्की."

अंगमोला रात्री झोप लागली नाही. अकरा पोरींची तोंडं तिच्या डोळ्यांपुढे होती.

सरावात एक घोटाळा झाला. प्रत्येक काठीपाशी अंगमो हात लांब करायची आणि काठी झटकायची. दुसऱ्या मुली हसायला लागल्या. रायजादासाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, ही काय घरातली झटकझाडू आहे? एका काठीमागे वेळ जातो. हात आवर."

अंगमोने हात आवरला. सकाळच्या धावेत तिने एकाही काठीला हात लावला नाही आणि चौतीस मुलींत ती सहावी आली. साहेबांनी कोटावर नवा बिल्ला कुठे लावायचा तेही ठरवून टाकलं.

दुपारी बर्फ पडू लागला. काठ्या बावन्न होत्या. अंगमो उतरत होती ती अगदी साहेबांना हवी तशी, हात अंगाशी आणि नजर खाली शेवटच्या रेषेवर. पण काठी झटकायची सवय मोडली, तशी काठीकडे बघायची सवयही मोडली होती. एकतिसावी काठी बर्फाने पांढरी झाली होती. अंगमो तिच्या चुकीच्या बाजूने गेली आणि तीन काठ्या पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती थांबली.

त्या काठीवर नेमलेला म्हातारा पंच त्या वेळी चष्मा पुसत होता. त्याला काही दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते कडेला उभ्या असलेल्या रायजादासाहेबांना.

"थांबलीस काय? चल पुढे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "कुणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं ना, साहेब," अंगमो म्हणाली.

"पहिल्या दहात आहेस तू! स्की हव्यात ना पोरींना?"

हव्या होत्या. फार हव्या होत्या. पण सव्विसावा खुंट चुकलेल्या माणसालाही खाली लवकर पोहोचायचं होतं, हे तिला आठवलं. तिने पाय आडवे केले आणि ती वर चढू लागली.

वळणांच्या धावेत परत चढून काठीला वळसा घालायची मुभा असते. पण चढतं कोण? सगळ्यांच्या देखत, खाली उतरायच्या शर्यतीत वर चढायचं! लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ए मुली, उतार इकडे आहे." अंगमोचे कान लाल झाले. आधी तिला लाज वाटली. मग त्या लाजेचाच राग आला, आणि रागात पाय आणखी भराभर पडू लागले.

ती काठीपाशी पोहोचली. तिने हात लांब केला आणि काठी चांगली खडखडवून झटकली. पांढरी काठी लाल झाली. म्हाताऱ्या पंचाने चष्मा चढवला आणि आपल्याच काठीकडे बघत राहिला. हिच्या आधी किती जणी चुकल्या असतील, हे आता त्यालाही सांगता येणार नव्हतं. मागून आलेल्या मुलीला मात्र ती काठी लांबूनच दिसली.

उरलेल्या सगळ्या काठ्या झटकत अंगमो खाली आली. चौतीस मुलींत चौतिसावी.

संध्याकाळी रायजादासाहेबांनी तिच्यापुढे कागद ठेवला. आता त्यांचा आवाज मऊ होता. "झालं ते झालं. 'मला चक्कर आली' एवढंच लिहून दे. पथकाची शोभा राहील आणि पुढच्या वर्षी तुझं नावही राहील."

अंगमोने लिहिलं, "एकतिसावी काठी चुकले. परत चढले. चक्कर आली नव्हती."

साहेबांनी वाचलं. "हट्टी आहेस. तुझं नाव कापतो मी. तुझ्या गावाचंही."

"कापा," अंगमो म्हणाली. "पण कारण खरं लिहा."

ती घरी आली तेव्हा दारात अकरा पोरी उभ्या होत्या. नोरबू चुलीपाशी होता. त्याने कितवा नंबर आला ते विचारलं नाही.

"खुंट किती?"

"बावन्न," अंगमो म्हणाली. "एकतिसाव्याला परत चढावं लागलं."

"म्हणजे बावन्नच," असं म्हणून नोरबूने तिच्यापुढे चहा ठेवला.

सगळ्यांत लहान पोरगी होती डोल्मा. तिने हळूच विचारलं, "मग स्की?"

"नाही मिळणार," अंगमो म्हणाली, आणि तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

डोल्माने कोपऱ्यातल्या फळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "फळ्या आहेत की."

दुसऱ्या दिवशी नोरबू देवदाराचं लाकूड तासायला बसला. पोरींनी गावामागच्या उतारावर बावन्न काठ्या रोवल्या. निवडीची यादी साहेबांच्या हातात होती, उतार काही त्यांच्या हातात नव्हता. हिवाळा सरला, दुसरा आला. एव्हाना झटकायचा हात इतका सरावला होता, की तो काठीला लागे आणि वेग तसूभरही कमी होत नसे.

आणि निवडीच्या दिवशी खोऱ्यातल्या शर्यतीच्या उतारावर बारा पोरी न बोलावता हजर झाल्या. खांद्यावर फळ्या.

"यादीत नावं नाहीत तुमची," रायजादासाहेब म्हणाले.

"ठाऊक आहे," अंगमो म्हणाली. "यादी मागाहून करा, साहेब. आधी उतरू द्या."

साहेब तोंड उघडणार, तोच मागून एक म्हातारा पुढे आला. चष्मा पुसून, नीट चढवून आलेला. तोच एकतिसाव्या काठीचा पंच. वर्षभर ती काठी त्याच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

"उतरू द्या त्यांना," तो म्हणाला. "काठ्या मी मोजतो."

एकामागून एक बारा जणी बावन्न काठ्यांमधून उतरल्या. खडखड आवाज करत प्रत्येक काठी बारा वेळा झटकली गेली. कडेच्या लोकांना हसायला काही सापडेना. शेवटची डोल्मा रेषेवर आली आणि धापा टाकत तिने म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, खुंट किती?"

म्हाताऱ्याने वहीतली बेरीज पुन्हा एकदा तपासली आणि रायजादासाहेबांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "सहाशे चोवीस. एकही चुकला नाही."

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्या कुणाला दिसली नाही, म्हणून ती मिटत नाही. चुकलं तर बेधडक परत चढावं. हसणारे खालीच उभे असतात.