शेवग्यावरची परी आणि गुणाचे डोळे

एका माळावर एकच शेवगा होता. त्याच्या सावलीत एक झोपडी, आणि झोपडीत तीन माणसं नि एक शेळी. माणसं म्हणजे आई, आठ वर्षांची सोनकी आणि पाच वर्षांचा गुणा. शेळीचं नाव चांदी. ती स्वतःला माणसांतच धरायची.

गुणाला दिवसा सगळं दिसे. दिवेलागण झाली की मात्र काहीच दिसत नसे. तो भिंतीला धडके, मग सोनकी म्हणे, "धर माझा हात. उंबरा आहे." पोराची दृष्टी कायमची गेली तर? आईने या गोष्टीचा धसकाच घेतला होता.

घरात रोज भाकरी नि मिरची. शेवग्याच्या शेंगा बाजारात जात आणि पाला चांदीला. पाला काय माणसांनी खायचा?

एका सकाळी पाला काढताना सोनकीला इवलीशी परी दिसली. केशरी झगा, चमचमते हिरवे पंख, आणि त्यातला एक पंख डिंकात अडकलेला! सोनकीने आपल्या तांब्यातलं पाणी लावून तो हळूच सोडवला.

"इच्छा माग," परी म्हणाली. "पण ऐक हं. स्वतःसाठी मागितलंस तर लगेच मिळेल. दुसऱ्यासाठी मागितलंस तर रोज राबावं लागेल."

सोनकीने आपल्या फाटक्या परकराकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, चांगला बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "गुणाला अंधारात दिसू दे."

"चांदीला दिसतं का गं?"

"दिसतं की! कोपऱ्यातली दोरी शोधून चावते मेली."

"आणि खाते काय ती?" परी हसली. "अगं वेडाबाई, या पाल्यात अ जीवनसत्त्व आहे. डोळ्यांना तेच लागतं. थोड्या तेलात परतून रोज खाऊ घाल, एक दिवसही चुकवू नकोस. आणि दवाखान्यातही दाखव, माझ्या एकटीवर विसंबू नकोस."

आईने गुणाला दवाखान्यात नेलं, औषध आणलं. सोनकी रोज पाला खुडी, निवडी, परती. गुणा तोंड वाकडं करी. चांदी तर रुसलीच, तिचा वाटा कमी झाला होता ना!

महिन्याने दिवेलागणीला सोनकी झाडाखाली गेली. "येते हं," फांदीवरून परी म्हणाली. लख्खकन सोनेरी उजेड पडला आणि परी त्यात विरून गेली. सोनकीचे डोळे दिपले. तिला काही दिसेना. ती चाचपडत दारापाशी आली.

आतून एक छोटासा हात पुढे आला.

"ताई, धर माझा हात," गुणा म्हणाला. "उंबरा आहे."