एकशे एकावी गोळी

वेळणगडचे राजे बहिर्जीराव यांनी एकाच सांबरावर तीन वेळा बार टाकला आणि तिन्ही गोळ्या वाया गेल्या. पहिली जांभळीच्या खोडात रुतली, दुसरी चिखलात गेली, आणि तिसरी कोठे गेली हे कोणासच कळले नाही. सांबर निघून गेले, तेही रमतगमत. शेजारचे जहागीरदार पाहुणे म्हणून बरोबर होते. ते तोंडास उपरणे लावून खोकले. राजांना तो खोकला फार लागला.

राजांचा हात पक्का होता. गेल्या वर्षापर्यंत त्यांची गोळी चुकल्याचे कोणी ऐकले नव्हते. तेव्हा दोष गोळीचा, आणि गोळीचा म्हणजे ती ओतणाऱ्याचा. मैनाजी ओताऱ्याचा साचा त्याच दिवशी जप्त झाला. बापाचे तोंड उतरलेले पाहून त्याची लेक भिवरा उठली, पदर खोचला आणि थेट सदरेवर जाऊन उभी राहिली.

बाबांच्या गोळीत खोट नाही, एवढेच तिने सांगितले.

राजांनी शेंदराने माखलेल्या गोळ्यांची परात पुढे ठेवविली. त्या वर्षी खंडेनवमीस त्यांनी एक नवा प्रघात घातला होता. शस्त्रांबरोबर शिकारीच्या गोळ्याही देवीपुढे मांडायच्या. गुरवाने देवीची शंभर नावे घ्यायची आणि प्रत्येक नावास एका गोळीस तेलाशेंदराचे बोट लावायचे. शेंदूर वाळून गोळ्यांवर टणक कवच धरले होते.

"यातली एक निवड," राजे म्हणाले. "शेंदूर खरवडायचा नाही, तो देवीचा आहे. तोलायची नाही, उडवून पाहायची नाही. त्या एका गोळीने उद्या सकाळी सांबर पडले, तर साचा परत. नाही तर सूर्य मावळायच्या आत बापलेक हद्दीबाहेर!"

सदरेवर कुजबुज झाली. परातभर सारख्या गोळ्यांतून एक निवडायची, म्हणजे तांदळाच्या राशीतून गोड दाणा उचलण्यासारखेच होते.

भिवराने एकच मागणे मागितले. राजांची बंदूक रोज जशी भरतात तशी एकदा आपल्यासमोर भरावी. राजांना गोळी निवडून देणारा शिकारखान्याचा प्रमुख हैबती जमादार हसला. पण राजांनी मान हलविली, आणि हुजऱ्याने ठासणीची बंदूक उभी धरून नळीत दारू ओतली. वर शेंदरी गोळी ठेवली. ती नळीच्या तोंडाशीच अडली. हुजऱ्याने सवयीने लाकडी मोगरी घेतली आणि नळीत गज लावून त्यावर ठोकून ठोकून गोळी आत घातली.

मोगरीचा प्रत्येक घाव भिवराच्या छातीत बसला. ओताऱ्याच्या घरात ती वाढली होती. शिसे किती मऊ, हे तिला ठाऊक होते. मोगरी खाल्लेली गोळी पेढ्यासारखी चपटी होते, आणि चपटी गोळी सरळ जात नाही. कवचाने गोळी जाडावली, म्हणूनच मोगरी लागत होती. पण हे बोलावे तर शेंदरास नाव ठेवल्यासारखे होते, आणि शेंदूर देवीचा.

मग तिला बापाची एक जुनी खोड आठवली. पन्नास मागा, तो एक्कावन्न देई. नेमके मोजून दिले की हात आखडल्यासारखे वाटते, असे तो म्हणे. पूजेसाठी शंभर गोळ्यांचा हुकूम होता. देवीची नावेही शंभरच.

तिने कोपरापर्यंत हात परातीत घातला आणि तळाशी चाचपून एक गोळी बाहेर काढली. करडी, गुळगुळीत, कोरी.

"अगं पोरी," जमादार म्हणाला, "देवीचे बोट जिला लागले नाही, नेमकी तीच उचललीस?"

"जमादारकाका, निवडायचे मला सांगितले आहे. तुम्ही तीनदा निवडलीत."

जमादाराने मिशीवरचा हात खाली घेतला. जहागीरदार पुन्हा खोकले, पण या वेळी राजांकडे न पाहता.

भिवराने गुरवाकडून देवीच्या ओटीतल्या खणाचा बोटभर तुकडा मागून घेतला. आपणही शिकारीस यायचे आणि बंदूक आपल्यासमोर भरायची, असेही तिने राजांकडून कबूल करून घेतले.

सकाळी रानात हुजऱ्याने दारू ओतली. गोळी नळीत सैल हलू नये म्हणून भिवराने ती तुकड्यात गुंडाळून नळीच्या तोंडाशी धरली. हुजऱ्याचा हात मोगरीकडे गेला, पण मोगरीचे कामच पडले नाही. दोन बोटांनी गज लावताच गोळी अलगद तळाशी जाऊन बसली.

भाताच्या खाचराशी तेच सांबर उभे होते. बार झाला. सांबर दोन पावले चालले आणि खाली बसले ते पुन्हा उठले नाही.

जहागीरदारांना खोकला आला नाही. राजांचे तोंड उजळले. पण लगेच कपाळास आठी पडली.

"पोरी, साचा तू जिंकलास. पण एक सांग, आणि जपून सांग. देवीच्या शेंदराच्या तीन गोळ्या चुकल्या आणि बिनशेंदराची लागली. मग काय, देवीचे बळ कमी पडले?"

सगळे भिवराकडे पाहू लागले.

"नाही महाराज," ती म्हणाली. "देवीचे नाव घेऊन ज्या शंभर वाहिल्या, त्या देवीच्या झाल्या. आपण त्या कौल न मागता उचलल्या. म्हणून नळीच्या तोंडाशीच अडून बसत. मोगरीने ठोकावे तेव्हा आत जात, आणि सुटल्या की वाकड्या वाटेने पळत. ही एक देवीने आपल्यासाठी ठेवली होती. ती तिच्याच खणात गुंडाळून गेली, म्हणून निमूट गेली."

राजांनी हुजऱ्याच्या हातातली मोगरी घेऊन झुडपात भिरकावली.

"बरे तर. पुढच्या खंडेनवमीस शंभर गोळ्या आमच्या आणि वरची एक देवीची. चालेल देवीला?"

"चालेल महाराज. देवीला कुठे सांबर मारायचे आहे?"

राजे इतके हसले की झाडावरचे बगळे उडाले. मैनाजीचा साचा चांदीची मूठ बसवून परत आला. भिवरास पैठणी मिळाली आणि शिकारखान्याची किल्लीही. तेव्हापासून वेळणगडावर एकही गोळी तिच्या हाताखालून गेल्यावाचून बंदुकीत गेली नाही, आणि हैबती जमादार रोज सकाळी तिच्या दारी येऊन विचारू लागला, "भिवराबाई, आजची कोणती?"