अडलेली पिशवी

"पण स्वामीजी, तो बंद पडल्याचं कुणाला कळलंच नाही, तर बिघडलं कुठे?"

शार्दूल हसत होता. आश्रमाच्या इस्पितळातल्या रक्तपेढीचे संगणक त्याच्या ताब्यात होते. पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का, हे पाहून चिठ्ठी छापणारा प्रोग्राम सकाळपासून मध्येच बंद पडत होता. शार्दूलने तोड काढली. आता तो बंद पडला की आपोआप सुरू व्हायचा आणि अडलेली तपासणी सोडून थेट चिठ्ठी छापायचा.

केवलानंद स्वामी संन्यास घेण्याआधी हेच काम करत.

"अडत कुठे होता?"

"या एका पिशवीपाशी. आता नाही अडत."

फोन खणाणला. पलीकडून डॉक्टर ओरडत होते. बाळंतीण टेबलावर होती, रक्तस्राव आवरत नव्हता.

"पाठवतो, आत्ता पाठवतो!"

प्रोग्राम बंद पडला. सुरू झाला. चिठ्ठी बाहेर आली : जुळते.

शार्दूलने तीच पिशवी उचलली, तोच स्वामींनी त्याचं मनगट धरलं.

"सोडा, स्वामीजी... बाई जाईल!"

स्वामींनी दुसऱ्या हाताने संगणकाची वायर उपटली. पडदा काळा झाला.

"नलूताई, हाताने तपासा."

रक्तपेढीच्या नलूताईंनी काचपट्टीवर पिशवीतल्या आणि बाईच्या रक्ताचे थेंब एकत्र केले. फोन पुन्हा वाजू लागला. कुणी उचलला नाही...

काचेवर हळूहळू गुठळ्या झाल्या.

"नाही जुळत," नलूताई कशाबशा म्हणाल्या. "हे चढलं असतं तर..."

वाक्य अर्धवट टाकून त्यांनी दुसरी पिशवी काढली, तपासली आणि स्वतःच घेऊन पळत सुटल्या.

शार्दूल भिंतीला टेकून खाली बसला. बाई वाचल्याचा निरोप आला, तेव्हा तो उठला.

"तो या पिशवीपाशी उगाच अडत नव्हता. ती सोय काढून टाकतो, स्वामीजी. यापुढे काहीच आपोआप सुरू होणार नाही."

"वॉर्डातल्या बेलचा प्रोग्रामही नाही? वीज गेली की तोही बंद पडतो. मग रुग्ण बेल दाबतच राहतो."



"मग कुणाला सुरू होऊ द्यायचं आणि कुणाला नाही, हे मी ठरवू कसं?"

स्वामींनी वायर त्याच्या हातात दिली.

"पडलेल्याला उठव. थांबलेल्याला विचार, का थांबलास."