असीलाचा आडोसा

कोंबडे माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. सुगंधाक्काच्या परसात गावठी कोंबड्या आणि एक म्हातारा कोंबडा होता. दणकट पिल्लं निपजावीत म्हणून तिने झुंजीच्या जातीचा एक असील कोंबडा आणला आणि वेगळ्या जाळीत ठेवला. तो दिवसभर येरझाऱ्या घाली.

एका सकाळी जाळी उचकटून तो म्हाताऱ्या गावठी कोंबड्यावर झेपावला. पिसं उडाली, रक्त आलं. सुगंधाक्काने असीलाला कसंबसं कवेत धरलं. त्याचं काळीज धडधडत होतं.

“आक्के, मला विकून टाक. तो दिसला की मला थांबताच येत नाही.”

“घेणारे तुला झुंजीलाच नेतील, लेकरा. रग तुझ्या रक्तातच आहे. जाळी पक्की बांधणं माझं काम होतं.”

म्हाताऱ्याच्या जखमेला हळद लावून तिने जाळी घट्ट केली, मध्ये पोत्यांचा आडोसा बांधला आणि असीलाला दोन कोंबड्यांची सोबत दिली.

पलीकडे म्हातारा आरवला. असील थरथरला, मान ताठ करून शोधू लागला. समोर कुणीच दिसेना, तेव्हा तोही नुसता आरवला.