पिवळी हिरवळ

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. राज्य कसलं, सकाळी राजवाड्यातून निघालेला माणूस जेवणवेळेला पलीकडच्या वेशीबाहेर पडायचा! पण राजवाड्यासमोरच्या हिरवळीचं नाव मात्र दूरदूरच्या मुलखात होतं. दाट, मऊ हरळी. अनवाणी चाललं तर पायांना गुदगुल्या व्हाव्यात अशी.

ही हिरवळ राखायची ठकू माळीण. येणारे पाहुणे विचारायचे, "ही कुणी राखली हो?" मग राजा हाक मारायचा, आणि ठकू पदराला हात पुसत पुढे यायची. त्या क्षणी तिची छाती अशी काही फुगायची, की विचारू नका.

एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. फाल्गुन लागला आणि राजवाड्याच्या विहिरीत पायऱ्यांमागून पायऱ्या उघड्या पडू लागल्या. राजानं दवंडी पिटवली, "आधी गावाला प्यायला पाणी. मग गुराढोरांना. बागेला रोज वीस घागरी, एकही जास्त नाही."

वीस घागरी! एवढं पाणी तर नुसती हिरवळच गटागटा पिऊन टाकायची. ठकूनं फारसा विचार केला नाही. सगळं पाणी हिरवळीला घातलं. आठ दिवस घातलं. तिचं नाव तिथंच तर होतं!

नवव्या दिवशी ती बकुळीखाली झाडत होती. राजवाड्यापासून बाजारापर्यंतच्या रस्त्याला अकरा बकुळी होत्या, चांगल्या चाळीस वर्षांच्या. त्यांच्या सावलीत मोळीवाल्या बायका डोक्यावरचा भार उतरवायच्या, म्हातारी माणसं गप्पा मारत बसायची. त्या दिवशी झाडताना ठकूच्या खराट्यात हिरवी पानं आली. पिकलेली नव्हेत, चांगली हिरवी. तिनं एका फांदीची साल नखानं खरवडली. आत ओल नव्हती.

तशीच ती हिरवळीकडे गेली. एका कोपऱ्यात पाणी पोहोचत नसे, तिथलं गवत पार पिवळं पडलं होतं. तिनं मूठभर धरून ओढलं. गवत निघेना! खुरप्यानं जरा उकरलं, तर खाली मुळं पांढरीशुभ्र आणि रसरशीत.

"अगं लबाडे," ठकू गवताला म्हणाली, "तू मेली नाहीस, झोपलीयस! आणि मी मात्र तुला उठवून उठवून पाणी पाजतेय!"

तिथंच बसून तिनं मनाशी विचार केला. गवत पिवळं पडलं तर पावसानंतर पंधरा दिवसांत परत हिरवं होईल. बकुळ गेली तर चाळीस वर्षं वाट बघायची. हिशेब सोपा होता. जीवावर मात्र आला होता. हिरवळ पिवळी पडली की लोक काय म्हणतील, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून वीसही घागरी बकुळींना. बुंध्याशी तिनं पालापाचोळा पसरला, म्हणजे ऊन ओल चोरणार नाही. हिरवळीला पंधरा दिवसांतून एकदाच त्यातलं थोडं पाणी, मुळं जगतील इतकंच. आणि विळा तर लावायचाच नाही. उंच गवत आपलीच सावली आपल्या मुळांवर धरतं.

महिनाभरात हिरवळ गव्हाच्या काडासारखी पिवळी झाली. जाणारेयेणारे टोमणे मारू लागले. "काय ठकूबाई, हात थकले वाटतं!" ठकू हसून म्हणायची, "हात नाही थकले, गवत झोपलंय." पण घरी गेल्यावर तिला भाकरी गोड लागत नसे.

अशातच निरोप आला. शेजारच्या राज्याच्या राजमाता आपल्या मुलासाठी राजकन्येला बघायला येणार! राजवाड्यात एकच धांदल उडाली. कारभारी धावतच राजाकडे गेले आणि त्यांनी ठकूलाही बोलावून घेतलं.

"महाराज, ही हिरवळ बघा! शत्रूलाही दाखवू नये अशी झालीय. चार दिवस सगळं पाणी तिथं घालायचा हुकूम द्या."

राजा भला माणूस होता, पण घाबरट. तो म्हणाला, "ठकू, झाडं आणि हिरवळ, दोन्ही नाही का गं जमणार?"

"नाही, महाराज. झाडं आत्ता कुठं सावरतायत. चार दिवस पाणी तोडलं तर जातील."

"आणि पाहुण्यांसमोर माझी मान खाली गेली तर?"

ठकू म्हणाली, "तर मी खुरपं खाली ठेवून गाव सोडीन. पण पाणी बकुळींनाच घालू द्या."

राजानं मिशी कुरवाळली. मग तो म्हणाला, "घाल बाई. बाग तुझी, जबाबदारी तुझी."

कारभाऱ्यांनी गुपचूप रंगाऱ्याला गाठलं.

राजमाता यायच्या दिवशी ठकू सकाळपासून बकुळींपाशी होती. तिसऱ्या प्रहरी परत येऊन बघते, तर हिरवळ हिरवीगार! तिनं डोळे चोळले. वाकून हात लावला, तर बोटं हिरवी झाली. नीळ आणि हळद कालवून कुणीतरी सगळ्या गवताला रंग फासला होता! तेवढ्यात शिंगं वाजली आणि पालखी दारात आली.

राजमाता वयानं म्हाताऱ्या, अंगानं भारदस्त, पांढऱ्याशुभ्र लुगड्यातल्या. हिरवळ बघून त्या खूश होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पालखीत बसून अंग आंबलंय," त्या म्हणाल्या. "जरा टेकते इथंच." आणि कुणी चौरंग आणायच्या आत त्या गवतावर बसल्याही.

थोड्या वेळानं उठल्या, तर मागून लुगडं पोपटासारखं हिरवं! एक दासी फिस्सकन हसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. राजाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारभाऱ्यांनी रंग कालवून हिरवे झालेले हात पाठीमागे लपवले.

राजमातांनी मान वळवून आपलं लुगडं पाहिलं. "हा काय प्रकार आहे?"

"माळणीला विचारा," कारभारी पुटपुटले. "बाग तिच्याकडे आहे."

सगळे ठकूकडे बघू लागले. ती पुढे आली.

"आईसाहेब, रंग मी लावलेला नाही. पण गवत पिवळं पडू दिलं ते मीच. दुष्काळ आहे. पाणी थोडं होतं, ते मी झाडांना घातलं."

"म्हणजे या गवताला तुम्ही रोज पाणी घालत नाही?"

"नाही, आईसाहेब. पंधरा दिवसांतून एकदा, जीव राहण्यापुरतं."

राजमातांच्या भारदस्त अंगाला गदगदा हसू फुटलं.

"अहो राजे, तुम्ही मला केवढं घाबरवलंत! आमचा मुलूख तुमच्याहून कोरडा. तिथं घोटभर पाण्याला किंमत. वेशीपासून मी बघत आले, शेतं करपलेली, आणि तुमच्या दारात ही हिरवळ! म्हटलं, लोक तहानलेले असताना हे पाणी गवतावर ओततात. या घरची मुलगी आमच्यात कशी नांदणार? दोन घटका टेकून परत फिरायचं मी पक्कं केलं होतं. म्हणजे पाणी उधळलं नाहीत, नुसता रंग उधळलात? मग हरकत नाही! लुगडं काय, धुता येतं."

राजाचा जीव भांड्यात पडला. मग ठकूनं राजमातांना बकुळींच्या रस्त्यावर नेलं. तिथं गार सावली होती, मोळीवाल्या बायका विसावल्या होत्या. राजमाता त्यांच्यातच बसल्या, माठातलं पाणी प्याल्या, आणि राजकन्येला तिथंच बोलावून घेतलं. घटकाभरात दोघींच्या अशा गप्पा रंगल्या, की सोयरीक झाडाखालीच ठरली. कारभाऱ्यांचे तळहात मात्र पुढे पंधरा दिवस हिरवेच होते, आणि गावातली पोरं त्यांना वाकून नमस्कार करायची, नीट बघता यावं म्हणून.

आषाढात पाऊस झाला. आठव्या दिवशी पिवळ्या गवतातून हिरवी टोकं डोकावली, पंधराव्या दिवशी हिरवळ पुन्हा गुदगुल्या करू लागली. राजानं भर दरबारात ठकूला बोलावलं.

"माग, काय हवं ते माग."

ठकूनं पदराला हात पुसले. "महाराज, एवढंच करा. पुढच्या उन्हाळ्यात गवत पिवळं पडलं, तर मला कुणी कारण विचारू नये."

दरबार खो खो हसला. राजानं मात्र तसा हुकूम काढला आणि खाली शिक्का मारला.

तात्पर्य: टंचाईत सगळंच हिरवं राखता येत नाही. जे झोपून पुन्हा उठेल त्याला झोपू द्यावं, जे गेलं तर परत येणार नाही ते आधी जगवावं. आणि पिवळ्याला पिवळं म्हणायला लाजू नये.