स्पंजाचे तुकडे

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी, की समुद्राचं पाणी खारट आहे हे सांगायलाही तेव्हा कोणी जन्मलेलं नव्हतं.

एका उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी प्रवाळांची वस्ती होती. तिच्या वेशीवर एक नारिंगी स्पंज राहायचा, चांगला रांजणाएवढा. त्याला डोळे नव्हते, पाय नव्हते, पोट म्हणावं असंही काही नव्हतं. अंगभर बारीक भोकं तेवढी होती. त्या भोकांतून तो पाणी आत ओढायचा, त्यातले कण खायचा आणि उरलेलं निर्मळ पाणी वरच्या तोंडातून सोडून द्यायचा. काम एवढंच, पण आपल्या आकाराचा त्याला भारी तोरा.

एका वर्षी वादळ आलं आणि होत्याचं नव्हतं झालं. प्रवाळांच्या फांद्या मोडून तळाशी दगडगोट्यांचा खच पडला. स्पंजाचेही तुकडे तुकडे होऊन चहूकडे गेले. बुडखा तेवढा जागेवर राहिला.

तुम्ही म्हणाल, मग मेला असेल बिचारा. छे! स्पंजाचा तुकडा सहजी मरत नाही. टेकायला जागा मिळाली, की तिथेच तग धरतो. पण बुडख्याला हे कुठलं पटायला! त्याने शेजारच्या खेकड्याला हाक मारली.

"खेकडोबा, माझे तुकडे गोळा करून आण रे. माझ्याशेजारी लाव. मी पुन्हा जुळेन, पुन्हा पहिल्यासारखा मोठा होईन."

खेकडा चालीने तिरका, पण मनाने सरळ. "आणतो की," म्हणाला आणि निघाला.

पहिला तुकडा दोन दगडांच्या फटीत सापडला. खेकड्याने तो नांगीत धरून ओढला, तसा वरचा दगड गडगडला.

"अरे मेल्या, थांब!" वादळातून वाचलेली एकुलती एक म्हातारी प्रवाळ ओरडली. "त्या दगडावर माझं लेकरू बसलं होतं!"

खेकडा गांगरला. "कुठलं लेकरू? मला तर काही दिसलं नाही."

"मोहरीहून लहान आहेत रे ती! पाण्यात तरंगत येतात आणि बसायला दगड शोधतात. पण इथले दगड लाटेसरशी लोळतात आणि त्यांना चिरडतात. स्पंजाच्या तुकड्यांनी धरलेत, तेवढेच हलत नाहीत. माझ्याच्यानं आता पुन्हा लेकरं व्हायची नाहीत. एवढी तरी जगू दे."

खेकडा तसाच मागे फिरला आणि त्याने स्पंजाला सगळं सांगितलं.

स्पंजाला रडू येत होतं, पण समुद्रात रडलेलं कोणाला कळणार?

शेवटी त्याने विचारलं, "माझ्यावाचून ते तुकडे जगतील?"

"जगताहेत की. पाणीसुद्धा ओढायला लागलेत. पण मग तू असा बुटकाच राहशील, बरं का."

"राहीन," स्पंज म्हणाला. "तो ओढलेला तुकडा होता तिथे नेऊन लाव. आणि बाकीच्यांना नांगी लावू नकोस."

वर्षं गेली. तुकडे वाढले, त्यांनी दगडाला दगड जखडला. वर गुलाबी शेवाळाचा कडक थर चढला आणि सांधे पक्के झाले. त्यांवर म्हातारीची लेकरं वाढली, त्यांना तिच्यासारख्याच फांद्या फुटल्या. म्हातारी ते सुख पाहूनच गेली. पळालेले मासे बिऱ्हाडं घेऊन परतले.

एके दिवशी लांबून आलेल्या एका माशाने खेकड्याला विचारलं, "इथे पूर्वी एक भला मोठा स्पंज होता म्हणे. कुठे गेला तो?"

"जातोय कुठे!" खेकडा म्हणाला. "तू जिथे आलास ती अख्खी वस्ती त्यानेच तर धरून ठेवली आहे."

सार एवढंच: आपलं गेलेलं परत मागायला निघण्याआधी, त्याच्या आधाराने आता कोण उभं आहे ते पाहून घ्यावं.